दारावर पाटी नसलेला गाळा

"क्वांटिटी किती, मॅडम?"

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी म्हणून, मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सकाळपासून फिरत होते आणि हा प्रश्न सहा ठिकाणी ऐकला. माझं उत्तर एकच होतं, एक नग. ते ऐकलं की कुणी नुसती मान हलवायचं, कुणी म्हणायचं की सेटिंगलाच अर्धा दिवस जातो, परवडत नाही. एकाने पंधरा हजार सांगितले. काम टाळायचं असलं की सांगतात तो आकडा. सातव्या ठिकाणी, रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत, दारावर पाटी नसलेल्या एका गाळ्यात सत्तरीकडे झुकलेल्या एका माणसाने क्वांटिटी विचारलीच नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

गल्लीत सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तेच म्हणते. हा लेख त्यांच्या कामाबद्दल आहे. मला जे करून हवं होतं, म्हणजे एअर रायफलीच्या स्टॉकमध्ये (लाकडी दस्त्यात) बसणारा धातूचा ठोकळा, ते महाराष्ट्रात कुठे होतं हे शोधण्यात माझे पाच महिने गेले, ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

मी १० मीटर ओपन साइट एअर रायफल खेळते, म्हणजे मागच्या साइटच्या खाचेतून पुढची साइट बघून नेम धरायचा. वय ४९, म्हणजे मास्टर्स गटात. माझी रायफल स्प्रिंगची आहे, ४.५ मिलिमीटरची, बॅरल खाली वाकवून लोड करायची. हिचा मूळ स्टॉक साध्या लाकडाचा होता आणि दोन पावसाळ्यांत तो एका बाजूला वळला. मग मी एका कारागिराकडून लॅमिनेटेड स्टॉक बनवून घेतला. बीचच्या लाकडाचे दीड-दीड मिलिमीटरचे पदर, एकावर एक राळेत चिकटवून दाबलेले. अखंड लाकूड ओल धरलं की आपल्या मनाने कुठेही वळतं. इथे एका पदराचा ओढा शेजारचा पदर अडवतो, त्यामुळे स्टॉक सरळ राहतो. जुलैमध्ये आमच्या चरईतल्या घरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, पण हा स्टॉक तसूभर हलला नाही. तो घेतल्याचा मला आजही आनंद आहे.

अडचण वेगळ्याच जागी होती. स्टॉक वळत नसला तरी जिथे रायफलीची नळी, म्हणजे पिस्टनचा सिलिंडर, लाकडावर टेकतो आणि जिथे स्क्रू कसले जातात, तिथलं लाकूड दबतं. लॅमिनेटही शेवटी लाकूडच. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन्हीकडे असतो. पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढच्या टोकाला हवेच्या गादीवर आदळला की ती पुढे झेपावते. हे सगळं पेलेट (छर्रा) बॅरलमध्ये असतानाच घडतं. अशा वेळी सिलिंडर स्टॉकमध्ये केसभर जरी सरकला, तर प्रत्येक शॉटला रायफल वेगळ्या वाटेने हलते आणि पेलेट वेगळ्या जागी जातो. माझ्या बाबतीत तेच होत होतं. पहिले दहा शॉट एका जागी, मग ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, हळूहळू घड्याळातल्या साडेसातच्या दिशेने खाली उतरायचा. स्क्रू तपासले की पाव आटा सैल. कसले की ग्रुप तिसरीकडेच. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरने बाहेर जाते. तीन मिलिमीटर सरकलं की एक गुण गेला, आणि मला कळतच नव्हतं की चूक माझ्या ट्रिगरची आहे की लाकडाची.

याला उपाय जुना आहे, बेडिंग ब्लॉक. स्टॉकच्या आत धातूचा एक ठोकळा बसवायचा, त्यात इंग्रजी व्ही आकाराची खाच, आणि गोल सिलिंडर त्या खाचेच्या दोन उतारांवर टेकवायचा. गोल वस्तू व्हीमध्ये दोनच रेघांवर टेकते. लाकडाच्या अर्धगोल खोबणीत ती कुठे टेकते हे देवालाच ठाऊक. धातूच्या व्हीमध्ये तिला दुसरी जागाच नसते. परदेशात मोठ्या कंपन्यांच्या रायफलींसाठी असे ब्लॉक तयार मिळतात. माझ्या रायफलीसाठी मिळत नाही, आणि हिच्या सिलिंडरखालून बॅरल वाकवताना सरकणारी पट्टी जाते, त्यामुळे ब्लॉकला मधोमध मोकळी वाटही हवी.

तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला तो लायसन्सचा. मी रायफलीचं बिल दाखवलं. ४.५ मिलिमीटरच्या वर नाही आणि ताकद २० ज्यूलच्या आत, त्यामुळे आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे हिला परवाना लागत नाही. त्यांनी बिलावरचे आकडे स्वतः वाचले. म्हणाले, "ताई, बारूदवाली असती तर हात लावला नसता. हे बरं आहे." मग एकदम चेहरा बदलला. "आमच्या राधानगरीकडचा तो स्वप्नील कुसाळे, पॅरिसला मेडल घेतलं, तोच खेळ का हा?" मी सांगितलं की त्याचं २०२४ चं ब्राँझ ५० मीटर थ्री पोझिशनमधलं, माझं १० मीटर, आणि माझी जिल्ह्यापुढे मजल नाही. "असू दे," म्हणाले, "रायफल ती रायफल. काढा बाहेर."

मी वहीत मापं लिहून नेली होती. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि स्वतः मायक्रोमीटर घेतला. सिलिंडर तीन जागी मापला, प्रत्येक जागी दोन दिशांनी. ३०.०१, २९.९८, ३०.००. माझ्या वहीत २९.५ होतं, कारण मी घरच्या प्लॅस्टिकच्या व्हर्नियरने मोजलं होतं. त्या अर्ध्या मिलिमीटरवर ब्लॉक करून घेतला असता तर काय झालं असतं याचा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

मटेरियलचं त्यांनी मला समजावून सांगितलं. लोखंडात केला तर हाच ब्लॉक अर्ध्या किलोच्या वर जाईल, स्प्रिंगची रायफल आधीच पुढे जड, खांदा दुखेल. ॲल्युमिनियम साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं. पण भंगारातला तुकडा नको, एचई-३० घेऊ, म्हणजे ६०८२ ग्रेड, मशीनवर साफ कापला जातो आणि आटे धरतो. तुकडा त्यांनी मुंबईच्या गुलालवाडीहून मागवला, १५० बाय ३२ बाय २५ मिलिमीटरचा. तीनशे रुपये त्याचे वेगळे लावले आणि ते आधीच सांगितले.

पुढच्या सुट्टीच्या शनिवारी मी मुद्दाम समोर बसून बघितलं. नको म्हणाले नाहीत, पण शटरजवळच्या स्टुलावरून उठायचं नाही अशी अट घातली. त्यांच्याकडे एक लहान व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, पण माझं काम त्यांनी जुन्या एचएमटीच्या मिलिंगवर लावलं. ठोकळा पंचेचाळीस अंशात तिरका धरला. असा धरला की एकाच एंड मिल कटरच्या तळाने व्हीचा एक उतार कापला जातो आणि कडेने दुसरा. दोन्ही उतार एकाच सेटिंगमध्ये, त्यामुळे त्यांच्यातला काटकोन मशीनचा असतो, माणसाच्या हाताचा नाही. कटरवर ब्रशने रॉकेल सोडत होते, कारण ॲल्युमिनियम कोरडं कापलं तर कटरला चिकटतं. गाळ्यात रॉकेलचा तो वास, पंख्याचा आवाज, आणि खाली चकचकीत चुरा साचत जाणारा. शेवटचा कट पाच शतांश मिलिमीटरचा. त्या वेळी त्यांनी पंखा बंद केला आणि मुलाला मोबाइलवरचं बोलणं थांबवायला लावलं.

मग त्यांनी एक गोष्ट केली ज्यासाठी मी हा गाळा कुणालाही सांगेन. आधीच ईएन-८ स्टीलचा एक बार लेथवर टर्न करून बरोबर ३०.०० चा डमी सिलिंडर बनवून ठेवला होता. बोटाला जरासं मार्किंग ब्लू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, घेऊन तो बारवर इतका पातळ फिरवला की लोखंडाचा रंग खालून दिसत होता. बार व्हीमध्ये ठेवला, पाव इंच पुढे-मागे घासला, उचलला. उतारांवर निळ्या रेघा उमटल्या होत्या. डावीकडची सलग होती. उजवीकडची मागच्या टोकाला साधारण तीन सेंटिमीटरवर तुटत होती, पुढे पुन्हा सुरू होत होती. माझ्या डोळ्यांना ती चांगलीच वाटली. तात्यांनी ब्लॉक उजेडाकडे धरला, अंगठ्याने ती तुटलेली जागा चाचपली आणि म्हणाले, "इथं तुमची नळी बसणार नाही, नुसती तरंगेल."

सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवून हाइट गेजने बारच्या माथ्याची तळापासूनची उंची घेतली. पुढे ४६.२१, मागे ४६.२३. हिशेबाने दोन्हीकडे ४६.२१ यायला हवं, कारण ३० मिलिमीटरचा बार काटकोनी व्हीमध्ये त्याच्या टोकापासून ३६.२१ वर माथा दाखवतो आणि व्हीचं टोक आम्ही तळापासून १० वर धरलं होतं. फरक वीस मायक्रॉन. मी म्हटलं, तात्या, चालेल की, एवढ्यासाठी कशाला. त्यांनी उत्तर दिलं नाही. जॉब पुन्हा लावला, डायल फिरवून सरळ केला, चार शतांश अजून काढले. दुसऱ्या वेळी दोन्ही रेघा टोकापासून टोकापर्यंत सलग आल्या, पेन्सिलीने मारल्यासारख्या. मधली चौदा मिलिमीटरची वाट त्यानंतर कापली. टेकायच्या रेघा मध्यापासून दोन्हीकडे साडेदहा मिलिमीटरवर येतात, वाट सातपर्यंतच जाते, त्यामुळे रेघांना धक्का लागत नाही. मोजून पावणेदोनशे ग्रॅम भरला.

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढची चूक माझी, आणि ती सांगायलाच हवी. मला ब्लॉक काळा हवा होता. तात्या म्हणाले, आत लाकडात राहणार, रंगाचं काय काम, व्हीला तर अजिबात नको. मी ऐकलं नाही. नवी मुंबईतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे अॅनोडायझिंगला (ॲल्युमिनियमवर रंगीत थर चढवायला) दिला आणि व्हीच्या भागाला काही लावू नका असं तोंडी सांगितलं. आठ दिवसांनी काळा कुळकुळीत परत आला, पण व्हीचे उतार पांढुरके, खडबडीत. अॅनोडायझिंगच्या आधी ॲल्युमिनियम कॉस्टिकच्या द्रावणात धुतात, आणि जास्त वेळ ठेवलं तर ते धातूच खातं. खालून घेतलेल्या एम-५ च्या (पाच मिलिमीटरच्या) दोन्ही आट्यांत स्क्रू डुगडुगत होते. मी काउंटरवर उभी राहून विचारलं, तर कागदावर काही लिहिलं नव्हतं म्हणाले, आणि पूर्ण पैसे घेतले. मला त्या दिवशी घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर तात्यांकडे गेले. त्यांनी मी काय केलं ते विचारलं नाही. ब्लू लावलं, बार घासला. रेघेऐवजी ठिपके. उंची एका टोकाला ४६.१३, दुसऱ्याला ४६.१६. म्हणाले, "व्ही परत साफ करू, दहा-पंधरा शतांश खाली जाईल, खालची राळ तेवढं भरून घेते. आट्यांना हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, टाकतो." दोन दिवसांत दिला. सातशे रुपये. माझ्या ब्लॉकमध्ये आता काळ्या रंगात दोन चकचकीत पट्टे आहेत.

लाकूड कोरायचं काम ते करत नाहीत आणि तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण सुताराकडे जाऊ नका म्हणाले, त्याच्या हाताला मिलिमीटर कळतो, त्याच्या आतलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या पॅटर्नवाल्याकडे पाठवलं. फाउंड्रीच्या कास्टिंगसाठी लाकडाचे साचे बनवणारा तो माणूस. लॅमिनेटमध्ये इतकी स्वच्छ चौकट कोरलेली मी आधी पाहिली नव्हती. पदरांच्या रेषा कुठे फाटल्या नाहीत, कोपरे बरोबर. त्याने बाराशे घेतले आणि ते योग्यच होते.

बसवणं मी घरी केलं, तात्यांनी सांगितलं तसं. सिलिंडरला बुटाचं मेणाचं पॉलिश दोन हात लावायचं म्हणजे राळ चिकटत नाही. चौकटीत अॅराल्डाइट, त्यात ब्लॉक, त्यावर रायफल, आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळून चोवीस तास हात लावायचा नाही. बाजूच्या स्क्रूंसाठी तात्यांनी स्टीलचे दोन कप आणि मागच्या स्क्रूसाठी एक पिलर टर्न करून दिला होता. हे बाजूचे कप ब्लॉकबरोबर बसवायचे नाहीत, ही बारीक गोष्ट मला एकट्याने सुचली नसती. आधी सिलिंडर व्हीमध्ये पक्का बसू द्यायचा, मग तो बसलेला असतानाच कप राळेत धरायचे. उलट केलं तर स्क्रू सिलिंडरला व्हीमधून बाहेर ओढतात आणि ब्लॉक नुसता शोभेला राहतो.

तपासायलाही त्यांनीच शिकवलं. स्टॉकच्या पुढच्या टोकाला डायल गेज बांधून त्याची टीप सिलिंडरवर ठेवायची आणि मागचा स्क्रू हळूहळू सोडायचा. रायफल स्टॉकमध्ये ताणून बसवलेली असेल तर स्क्रू सुटताना ती उचलते आणि काटा पळतो. जुन्या अवस्थेत मी त्यांच्या गाळ्यातच हे करून बघितलं होतं तेव्हा काटा २८ शतांश गेला होता. आता दोनच शतांश हलला आणि स्क्रू कसल्यावर परत त्याच रेघेवर येऊन थांबला. मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा त्याच रेघेवर.

रेंजवर फरक किती पडला, ते जसं आहे तसं सांगते. ग्रुप निम्मा झाला नाही. आधी पाच शॉटचा ग्रुप चौदा मिलिमीटरच्या आसपास असायचा, आता नऊ-दहा. पण तो सरकत नाही. चाळीस शॉटनंतर स्क्रू तपासले तर जिथे होते तिथेच. गेल्या दोन महिन्यांत, त्यातले तीन आठवडे मुसळधार पावसाचे, मी मागची साइट एकदाही फिरवलेली नाही. आता शॉट खाली गेला की मला माहीत असतं, मी ट्रिगर झटकला. माझ्यासाठी या ब्लॉकची किंमत तीच आहे.

तक्रारीही आहेत. आठ दिवस सांगून तेवीस दिवस लावले, त्यातले प्लेटिंगचे दिवस मी धरलेले नाहीत. फोन उचलत नाहीत. दोनदा मी रिक्षा करून गेले आणि शटर बंद. बिल दोनदा मागावं लागलं. कामाचं ड्रॉइंग देत नाहीत, ते त्यांच्या वहीत राहतं, त्यामुळे उद्या ते नसतील तर मला पहिल्यापासून सुरू करावं लागेल. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी डमी बार कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा ठेवा. हा असला की कुठलाही फिटर करून देईल."

पैसे असे झाले. मटेरियल तीनशे, ब्लॉकची मजुरी अडतीसशे, दोन कप आणि पिलर सहाशे. म्हणजे तात्यांचे चार हजार सातशे. वरचे सातशे माझ्या हट्टाचे, बाराशे पॅटर्नवाल्याचे. प्लेटिंगचे पैसे मी धरत नाही, ते कुणी खर्चू नयेत.

जायचं असेल तर शनिवारी सकाळी साडेदहाच्या आत जा, दीड ते अडीच जेवण असतं, रविवारी बंद. किसननगरच्या बाजूने आलात तर रोड नंबर १६ ला वळल्यावर गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे तात्यांचा गाळा म्हटलं की पोरगा आणून सोडतो. मापं लिहून नेऊ नका, रायफलच न्या, रिकामी, पिशवीत घालून, बिलाच्या झेरॉक्ससह. बारूदवाल्या हत्याराची चौकशी करायला जाऊ नका, ते करत नाहीत आणि विचारलेलंही त्यांना आवडत नाही. आणि ब्लॉक काळा करून मागू नका.